हळर्णच्या किंदळाचं पेन

रात्री चिकटवून ठेवलेला ब्लँक सकाळी उचलला आणि आतली नळी घसरून माझ्या तळहातावर पडली. कोरडी, चकचकीत. एपॉक्सी गोंदाचा एक ठिपकासुद्धा नाही.

मी मूळचा गडहिंग्लजचा. गोव्यात तुयेतल्या एका कारखान्यात फिटर होतो, नंतर तिथेच शेड घेऊन लाकडी पेनं बनवायला लागलो. ब्लँक म्हणजे लाकडाची चौकोनी कांडी. तिला आरपार भोक पाडायचं, आत पितळेची नळी चिकटवायची, मग लेथवर लाकूड गोल करायचं. निबकडचा आणि क्लिपकडचा भाग नळीच्या दोन तोंडांत प्रेसने दाबून बसवतात. सगळं पेन त्या चिकटवणीवर उभं. माझी नळी कधी निसटली नव्हती, आणि त्याचा मला बऱ्यापैकी माज होता.

ही ऑर्डर हळर्ण गावच्या सगुण मास्तरांची. निवृत्त शिक्षक. एकुलता एक मुलगा सर्वेश बोटीवर नोकरीला निघालेला, आणि मास्तरांना त्याची काळजी. गावच्या राखणदाराच्या जागेतली किंदळाच्या झाडाची फांदी वाऱ्याने पडली होती. तिथली काटकीही कोणी घरी नेत नाही. पडलं ते तिथेच कुजतं. मास्तरांनी गाऱ्हाणं घालून, म्हणजे देवाला मोठ्याने विनवून, एक तुकडा मागून घेतला. गाव राखणारा तो देव पेनातून पोराबरोबर जावा, एवढीच त्यांची इच्छा.

मी नळी पॉलिश पेपरने खरवडली, भोक ॲसिटोनने पुसलं, मीटर लावून ओलावा पाहिला. लाकूड खडखडीत. तरी पुन्हा तेच. सुपरग्लूही लावून झाला. त्याच एपॉक्सीने शेजारचा सागवानी ब्लँक पक्का धरला होता. किंदळाची नळी मात्र बाहेर. शेवटी तर मी हात लावायच्या आधीच ती ब्लँकशेजारी नीट ठेवलेली दिसली. शेडची किल्ली फक्त माझ्याकडे असते. त्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवून काम केलं.

मास्तरांना फोन केला. झालेलं सगळं सांगितलं.

"शिंदे, तुमचें तुयें आमच्या शिमेभायर पडता," ते म्हणाले. "तो गावाची शीम सोडून खंय वचना. तुमी गम घेवन हांगा येया."

"मास्तर, देव हद्द सोडून जात नसेल, पण एपॉक्सीला गावाची हद्द कळत नाही."

"येवन पळया तरी."

गेलो. त्यांच्या ओसरीवर बसून नळी फिरवत आत सारली. अशी धरली, की ठोकूनही हलेना. मला आनंद व्हायला हवा होता. वाटली ती भीतीच. छोटा लेथ तिथेच नेऊन पेन पुरं केलं. ते शेडवर न्यायची माझी छाती झाली नाही.

निघायच्या दिवशी सर्वेशने पेन खिशाला लावलं आणि वडिलांच्या पाया पडला. मास्तरांनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदार म्हाराजा, पोराच्या वांगडा जा, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गाऱ्हाण्याला साथ द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

गाडी मोपा विमानतळाकडे गेली. थोड्या वेळाने सर्वेशचा फोन आला. मास्तरांनी स्पीकर लावला.

"बाबा, पेनाचें लांकूड ना. खिशांत नुसती नळी आसा."

"मोडलें?"

"ना. निब आसा, क्लिप आसा. मदलें लांकूडच ना."

हे होऊच शकत नाही. दोन्ही टोकांचे भाग नळीपेक्षा जाड असतात. ते उपटल्याशिवाय लाकूड निघणार कुठून?

मास्तर अनवाणीच शिमेकडे चालू लागले, मी मागोमाग. शिमेवरच्या दगडापाशी लाकूड पडलं होतं, हळर्णच्या बाजूला. चीर नाही, ओरखडा नाही, आत एपॉक्सीचा मागमूस नाही. फोन चालूच होता.

"बाबा, कितें करूं? परत येवूं?"

मास्तरांनी वाकून लाकूड उचललं. मला वाटलं, हो म्हणणार.

"ना रे, फुडें वच तूं," ते म्हणाले. "तो हांगाच रावलो. थंय तूंच तुका सांभाळ."

फोन बंद करून ते रस्त्याकडेलाच बसले आणि लाकूड मुठीत धरून लहान मुलासारखे रडले. मी नुसता त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

सर्वेश सुखरूप आहे, सुट्टीत येतो-जातो. मी अजून पेनं बनवतो. फक्त ऑर्डर घेताना लाकूड कुठलं आणि पेन कुठवर जाणार, दोन्ही विचारतो. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत. ज्याला गाव सोडायचं नाही, त्याला चिकटवून नेता येत नाही.