अठरा मिनिटांचा रस्ता

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, वाहतूक मोजायच्या खात्यात ड्रायव्हर आहेत. ड्रायव्हर म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, माणूस कुणाला तरी कुठेतरी पोचवत असेल. तर तसं काही नाही. ते संध्याकाळी टाकीच्या चौकातून निघतात, सात सिग्नल ओलांडून पुलाशी जातात, आणि तिथे कुणीही उतरत नाही. मग परत येतात. चौदा वर्षं हा माणूस हेच करत आला, आणि वर त्याचा पगार घेतो.

मीही घेतला, खोटं कशाला बोलू? त्यांच्या शेजारी बसून वेळ टिपणारा जो माणूस होता, त्याला गाडीत झोप यायची म्हणून काढलं, आणि तीन महिन्यांसाठी मी लागले. माझ्या एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात फॉर्म. फॉर्मवर दोन रकाने: आमच्या पुढे गेलेल्या गाड्या आणि आम्ही मागे टाकलेल्या गाड्या. नियम असा की दोन्ही आकडे सारखे यायला हवेत. एकाने आपल्याला मागे टाकलं की आपणही एकाला मागे टाकायचं, ना कमी ना जास्त. म्हणजे म्हणे आपली गाडी रस्त्याच्या सरासरी चालीने चालते, आणि तिला जितकी मिनिटं लागली तितका रस्ता आजारी.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "भावोजी, आणि तिघं पुढे गेले, आपल्याला मात्र एकच सापडला, तर?"

"तर दोघं शोधायचे."

"आणि नाही सापडले तर?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. "सापडतात," ते म्हणाले.

असा हा माणूस. मी त्यांना मनातल्या मनात सरासरीराव म्हणते. दुकानाच्या रांगेत कुणी पुढे घुसला तर हे भांडणार नाहीत, तर आपल्या पुढच्याच्या पुढे जावं की नाही याचा विचार करत उभे राहतील, तोवर आणखी दोघं घुसतील. ताई म्हणते, यांच्याशी भांडण केलं तरी बरोबरीत सुटतं, मग करायचं कशाला? त्यांना घाईत कुणी कधी पाहिलेलं नाही. लग्नाला होकार द्यायला त्यांना सात महिने लागले होते, आणि तोही माझ्या आईने पत्र पाठवून मागवून घेतला.

आता त्या वर्षी झालं काय, तर त्या रस्त्यावर खात्याने बसगाड्यांसाठी वेगळी लेन आखली. पिवळी रेघ मारली, मध्ये प्लास्टिकचे खांब रोवले. तीन महिने बघू म्हणाले. मोटारवाल्यांनी बोंब मारली की आमचा अर्धा रस्ता खाल्ला. तेव्हा खात्याने ठरवलं: संध्याकाळच्या बारा फेऱ्या करायच्या, आणि मोटारीची सरासरी अठरा मिनिटांच्या वर गेली तर लेन उखडायची. अठराच्या आत राहिली तर लेन कायमची.

फेऱ्या कोण करणार? आमचे सरासरीराव. आणि त्या बसमधून रोज कोण येणार? त्यांची बायको.

ताई चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे. अकरा वर्षं झाली, आणि नुकतीच टेबलप्रमुख झाली होती. तिची पोरगी, आमची ढब्बू, पाळणाघरात असते. ते पाळणाघर पाचव्या सिग्नलच्या पुढच्या गल्लीत आहे आणि साडेसहाला बंद होतं. बंद म्हणजे बंद! पाळणाघरवाली बाई पोरांशी लोण्यासारखी मऊ, पण आयांशी दगड. वर्षात तीनदा उशीर झाला की नाव कापणार, हे तिने दारावर लिहूनच लावलंय. लेन यायच्या आधी ताईला दोनदा उशीर झालेला. लेन आल्यापासून ती सव्वासहालाच दारात. दुसऱ्या पाळणाघरात जागा मिळायला आठ महिने लागणार होते, आणि आम्ही दोघं संध्याकाळी सातपर्यंत त्याच रस्त्यावर मोजत बसलेले. म्हणजे तिसरा उशीर झाला की ताईची नोकरी गेली. इतकं सरळ होतं ते.

सरळ नव्हतं ते फक्त एक. बस मोजणीत धरायची की नाही?

म्हणजे बघा, आम्ही आमच्या लेनमध्ये तुंबून बसलोय आणि शेजारून बस सुसाट पुढे गेली. ती आमच्या पुढे गेलेली गाडी आहे का? असेल तर तिच्या बदल्यात आम्ही एकाला मागे टाकायला हवं, म्हणजे फेरी लवकर संपते. नसेल तर मुकाट्याने बसायचं, म्हणजे फेरी लांबते. भावोजींनी खात्यातल्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "धरा. बस काय गाडी नाही का?" पाच फेऱ्या आम्ही बस धरली. मग साहेबांना कुणीतरी वरून काहीतरी बोललं. ते म्हणाले, "नका धरू. ती वेगळ्या लेनमध्ये आहे." सहा फेऱ्या धरली नाही. मग भावोजींनी विचारलं, "साहेब, लेन नव्हती तेव्हा आपण बस धरत होतो. मग तेव्हाची वेळ आणि आताची वेळ, यांची तुलना कशी करायची?" साहेबांनी कपाट उघडलं. जुन्या फायली काढल्या. त्यात नुसत्या रेघा ओढलेल्या, कुठली रेघ बसची आणि कुठली मोटारीची हे देवालाच ठाऊक.

"तुमच्या विवेकाने ठरवा," साहेब शेवटी म्हणाले आणि रजेवर गेले.

ज्या माणसाला रांगेत उभं राहून ठरवता येत नाही, त्याला हे सांगितलं! भावोजी घरी येऊन ताईलाच विचारायला लागले, "बस गाडी आहे ना गं?" ताई म्हणाली, "अहो, मग मी काय रोज सशाच्या पाठीवर बसून येते?" त्यावरही त्यांनी नुसती मान हलवली.

अकरा फेऱ्यांची सरासरी आली अठरा मिनिटं चार सेकंद. म्हणजे बारावी फेरी सतरा मिनिटं सोळा सेकंदांत संपली तर लेन राहणार, नाहीतर गेली. मी त्यांना म्हटलं, "भावोजी, एवढं कळतंय ना तुम्हाला? दोन मोटारी जास्तीच्या मागे टाका, कोण बघतंय? फॉर्म माझ्या हातात आहे."

"पण मग ते मोजणं कसं होईल?"

"आग लागो तुमच्या मोजण्याला! ढब्बू कुणाची?"

"माझीच," ते म्हणाले, पण असे की जणू तेही फॉर्मवर तपासून घ्यायला हवं.

बारावी फेरी गुरुवारी झाली. सहाव्या सिग्नलच्या आधी आम्ही तुंबलो होतो. बाजूने एक बस आली आणि पुढे निघाली. तिच्या शेवटच्या खिडकीत ताई, मांडीवर ढब्बू. त्या दोघी घरी निघाल्या होत्या. ढब्बूने आम्हाला पाहून काचेला नाक चिकटवलं. भावोजींनी बसकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "एक पुढे गेली." मी रेघ ओढायच्या आत त्यांनी गाडी उजवीकडे काढली आणि एका मोठ्या पांढऱ्या मोटारीला मागे टाकलं. त्यामुळे आम्हाला हिरवा सिग्नल मिळाला, पांढरी मोटार लालवर अडकली. पुलाशी मी घड्याळ थांबवलं: सतरा मिनिटं पाच सेकंद.

सरासरी सतरा एकोणसाठ! एका सेकंदाने! मी गाडीतच ओरडले. घरी ताईने मला मिठी मारली, ढब्बूला कडेवर घेऊन नाचली. भावोजी मात्र चेहरा पाडून जेवले. मला वाटलं, पोट बिघडलं असेल.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या आधी कचेरीत गेले. मी पोचले तेव्हा रजेवरून परतलेले साहेब कपाळाला हात लावून बसले होते.

"हे म्हणताहेत कालची फेरी खोडा," साहेब मला म्हणाले.

"का?"

भावोजी म्हणाले, "त्या बसमध्ये ही होती. मी ती पांढरी मोटार नियमाने मागे टाकली की हिच्यासाठी, ते मला कळत नाहीये. रात्रभर विचार केला. खरंच कळत नाहीये."

मला भयंकर राग आला. अहो, हातातोंडाशी आलेला घास! घरात कुणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, आणि सरळ जाऊन आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला. आणि तोही चोरी केली म्हणून नाही, तर केली की नाही हे कळत नाही म्हणून! साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. अशा कारणासाठी फेरी खोडायचा रकाना फॉर्मवर नव्हता. शेवटी त्यांनी फेरी खोडली आणि म्हणाले, "आज संध्याकाळी पुन्हा करा. आणि कृपा करून काही विचार करू नका."

दुपारी ताईला फोन करून मी सगळं सांगितलं. ती शिव्या देईल असं वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "असेच आहेत ते," आणि फोन ठेवला. ते ऐकून मला रडू आलं.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आम्ही टाकीच्या चौकातून निघालो. मी रागाने खिडकीबाहेर तोंड करून बसले होते. चौथ्या सिग्नलपाशी सगळं थांबलं. पुढे बस लेनमध्ये सिमेंटचा एक मिक्सर बंद पडला होता, आणि बसगाड्या खांबांमधून वाट काढून आमच्याच लेनमध्ये घुसत होत्या. आरशात पाहिलं तर आमच्या मागे पाच-सहा गाड्या सोडून ताईची बस. तेवढ्यात तिचाच फोन आला. मी स्पीकर लावला.

"अगं, काय झालंय पुढे? कंडक्टर दार उघडत नाहीये. स्टॉप नसताना उतरवत नाही म्हणतो. मी सांगून थकले. अगं, आज जर उशीर झाला..." आणि ती रडायला लागली. ताईला रडताना मी बाबा गेले तेव्हा ऐकलं होतं, त्यानंतर आत्ताच.

भावोजींनी मला विचारलं, "किती वाजले?"

मी स्टॉपवॉच पाहिलं. "अकरा मिनिटं चाळीस सेकंद."

"ते नाही. खरे किती वाजले?"

"सहा सतरा."

त्यांनी पुढे पाहिलं, आरशात पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. मग हँडब्रेक ओढला आणि दार उघडलं.

"भावोजी! कुठे?"

"ढब्बूला आणायला."

"आणि गाडी? मला कुठे चालवता येते? आणि फेरी? फेरीचं काय लिहू मी?"

"मला कळत नाही," ते म्हणाले आणि पळाले.

पळाले म्हणजे खरंच पळाले हो! ते पोट, तो बाहेर आलेला शर्ट, एक चप्पल निसटली ती मागे वळून घातली, आणि पुन्हा पळाले. मोटारींच्या मधून, स्कूटरवाल्यांना ढकलून, मिक्सरच्या खालून नाही एवढंच. मी वाकून बघत राहिले, ते डोळ्यांआड होईपर्यंत.

मग सिग्नल हिरवा झाला. पुढच्या गाड्या हलल्या. आमची कशी हलणार? मागे जो हॉर्नचा कल्लोळ उठला तो विचारू नका. मी फॉर्म मांडीवर घेऊन बसले होते आणि घड्याळ बंद करायचं सुद्धा मला सुचलं नाही. एक माणूस येऊन काचेवर ठोकून गेला. दुसरा येऊन माझी अक्कल काढून गेला. खात्याने त्या फेरीचं पुढे काय केलं ते एका ओळीत सांगते: ती धरलीच नाही, लेनचा निकाल आणखी तीन महिने लांबवला, आणि भावोजींना दुसऱ्या रस्त्यावर सकाळच्या मोजणीला घातलं.

पण ते नंतर. तेव्हा मात्र तिसऱ्यांदा काच वाजली आणि पाहते तर ताई. पुढे कुठला गाढव गाडी आडवी लावून बसलाय म्हणून बसमधली माणसं कंडक्टरवर तुटून पडली होती, त्याने शेवटी दार उघडलं, आणि ती त्या गाढवाला बघायला पुढे आली होती.

"तू? हे कुठे आहेत?"

"पळाले."

"पळाले? हे?"

"पाळणाघराकडे. चांगली दहा मिनिटं झाली."

ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दोघींनाही गाडी चालवता येत नाही, दोघी काचेतून पुढे बघत बसलो. बाहेर लोक ओरडत होते. ताईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. सहा अठ्ठावीसला फोन वाजला, आणि तो तिनेच घेतला.

आधी नुसती धाप ऐकू आली. मागून ढब्बू काहीतरी गात होती.

"पोचलो," भावोजी म्हणाले. "मिळाली. बाईंनी काही लिहिलं नाही. दोन मिनिटं होती अजून."

ताई नुसती मान हलवत होती, जणू त्यांना फोनमधून दिसणार होतं.

"ऐकतेस ना?" ते म्हणाले. पुन्हा धाप लागली, थांबले, आणि मग चिडून बोलले. मी त्यांना चिडलेलं त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "चौदा वर्षं मी या रस्त्यावरून जातोय गं. आज पहिल्यांदा मला कुठेतरी पोचायचं होतं. केवढा वाईट रस्ता आहे हा!"