मामांची लाली

आमच्या मामांइतका निर्व्यसनी माणूस अख्ख्या कळंब तालुक्यात सापडणार नाही, आणि दारुडा म्हणून त्यांच्याइतका बदनामही कुणी नसेल. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात न टाकणाऱ्या या निवृत्त मास्तरांचे गाल आणि नाक बारा महिने लालबुंद. रोझेशिया म्हणतात त्या कातडीच्या विकाराला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, हा जायचा नाही, सांभाळायचा. तेव्हापासून मामा त्याला घरजावयासारखं सांभाळतात. थंडीतही छत्री, ठेचा बंद, दोन वेळा मलम, आणि एका वहीत रोजची लाली, दहापैकी मार्क देऊन. मध्यंतरी कुणाचं तरी ऐकून गोरं करणारी ट्यूब लावली. चार दिवस झकास गेले, मग असा भडका उडाला की मास्तरांनी दहापैकी अकरा दिले. चहा मात्र सुटला नाही. एकुलती एक लेक सुमन तो दोन पेल्यांत वरखाली करून निववून द्यायची.

तिच्यासाठी लोहाऱ्याचं स्थळ बघायला मामा आणि मी गेलो. मुलगा लाखात एक, आणि आधीची दोन स्थळं मामांच्या नाकामुळं मोडलेली. भर उन्हात जीपनं पोचलो, तोच वाफाळता चहा पुढं आला. सोयरिकीच्या घरी चहा निववत बसणं बरं दिसत नाही म्हणून मामांनी तो तसाच घशाखाली घातला. झालं! नाक पेटलं.

मुलाच्या वडलांनी मला बाजूला घेतलं. “पाव्हणं, मास्तर दिवसाढवळ्या घेत्यात व्हय?”

माझं डोकंच सणकलं. पण मामांनी ते ऐकलं होतं. त्यांनी पिशवीतून वही काढून मुलाच्या वडलांच्या हातात दिली. ते पानं उलटत राहिले. तेवढ्यात मुलाची आई आतून आली आणि तिनं पदरानं गालावरची पावडर पुसली. खाली मामांचाच रंग.

“मला बी हाय ह्ये, मास्तर. मलम कंचं लावता तुमी?”

पुढं तासभर मामा तिला ऊन, तिखट आणि मलम शिकवत बसले. लग्नाचं बोलणं शेवटी मीच काढलं. जमलं.

परवा कळंबला गेलो तर वहीत महिनाभर रोज दोनच मार्क. इतकी कमी लाली मी कधी पाहिली नव्हती. मी कौतुक केलं, तर ते समोरच्या पेल्याकडं बघत म्हणाले, “सुमन सासूचा चहा निववून झाला की फोन करती. तवर मी थांबतो. तेवढ्यात माझा बी गार हून जातो.”

काहीतरी करायचं म्हणून मी दुसरा पेला आणला आणि तो गारढोण चहा वरखाली करत बसलो.