झाकणाची फट

आमच्या प्रयोगशाळेच्या घरत मॅडम वारल्याचा मेसेज आला, तेव्हा खांदेश्वरला आमच्या सोसायटीची मीटिंग चालू होती आणि पार्किंगवरून दोघे जण हातघाईवर आले होते. मी मेसेज दोनदा वाचला आणि ओरडलो, "गप्प बसा रे सगळे!" सगळे गप्प बसलेही. पुढे काय बोलायचं ते मात्र मला सुचेना... पाच आठवडे झाले, अजून नीट सुचत नाही.

मी मॅडमच्या प्रयोगशाळेतला फिटर. शिक्षण आयटीआय, गाव साताऱ्याकडचं, तोंड फाटकं. त्या उरणजवळच्या जासईच्या. एरवी बोलणं अगदी पुस्तकी, पण टेन्शन आलं की गावची आगरी बोली बाहेर पडायची. ती कानावर आली की आपली खैर नाही, हे मी ओळखून होतो. त्यांचं काम मला समजलं तेवढं सांगतो. धातूच्या पाटावर खडूएवढ्या शेकडो पांढऱ्या दांड्या सहा-सहाच्या घोळक्यांनी उभ्या करायच्या. अर्ध्या पाटावर घोळके जरा आवळलेले, उरलेल्या अर्ध्यावर जरा फुललेले. वर धातूचं झाकण. आत सोडायच्या त्या सूक्ष्मलहरी, म्हणजे प्रकाशाचीच न दिसणारी भावंडं. त्यांच्या ऊर्जेचे पट्टे असतात आणि दोन पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत जिची ऊर्जा पडते, ती लहर पाटाच्या कुठल्याच अर्ध्यात शिरू शकत नाही. पण दोन्हीकडच्या पट्ट्यांची गुंफण वेगळी, म्हणून मधल्या शिवणीवर तिला वाट मिळते. वाटेतली एखादी दांडी काढली तरी ती मागे न फिरता वळसा घालून पुढे जाते. मॅडमना हेच दाखवायचं होतं.

एक दिवस ते दिसलं. एक दांडी काढली, पलीकडे किती लहर पोचली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ हलली नाही. दुसरी काढली, तरी नाही. महिनाभर तसंच दिसत राहिलं. पेपर छापायला गेला. त्यांची विद्यार्थिनी अनिता, तिची पीएचडी आणि प्रकल्पाची मुदतवाढ त्याच रेघेवर टांगलेली. मुदतवाढीचं ठरवायला एके दिवशी चार वाजता बाहेरची कमिटी येणार होती. त्या दुपारी मॅडमनी सहज म्हणून शिवणीवरच्या मूठभर दांड्या उपसल्या. आता वाटच उरली नव्हती, रेघ कोसळायला हवी होती. ती जागची हलली नाही. लहर दांड्यांमधून जातच नव्हती, कुठून तरी बाहेरून पळत होती.

"झाकन कोनी बसवला?"

मी झाकणाच्या कोपऱ्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या स्क्रूचे आटे गेले होते. नखाएवढी फट, तिने काय होतंय, म्हणून महिनाभर मी तसंच चालवलं होतं. "मीच," म्हटलं, आणि वर अक्कल पाजळली, "मॅडम, कमिटीसमोर एकच दांडी काढा. कुनाला कळतंय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मना कलला ना."

चार वाजता त्यांनी स्वतःच्या हाताने मूठभर दांड्या उपसून कमिटीला ती न पडणारी रेघ दाखवली. पेपर मागे घेते म्हणाल्या. कुणीतरी विचारलं, चूक कोणाची? मी दाराशी उभा होतो. त्या म्हणाल्या, "माझी. झाकण मी तपासलं नव्हतं." अनिता रडत बाहेर गेली. मुदतवाढ मिळाली नाही. त्या रात्री मी जेवलो नाही, आणि खरं सांगतो, त्या मला शिव्या देत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून झाकण बसवलं की मॅडम कागदाची एक पट्टी चारही बाजूंनी फटीत सरकवून बघायच्या. कुठेही शिरली की सगळे स्क्रू पुन्हा उघडायचे. मी वैतागायचो. नव्या पैशाविना, आहे त्या सामानावर दीड वर्ष गेलं. मग एकदा एक दांडी काढल्यावर रेघ जराशी दबली आणि टिकली, आणि मूठभर उपसल्यावर धाडकन पडली. "परली! परली!" म्हणून मॅडम टाळ्या पिटत होत्या. पडलेल्या रेघेसाठी इतकं हसणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्याच रेघेवर पीएचडी होऊन आता प्रयोगशाळा अनिता बघते. गेल्या सोमवारी तिने नवा पाट लावला. मॅडमच्या खणात ती पट्टी होती, कडा मऊ पडलेली. मी फिरवली. तीन बाजू ठीक, चौथ्या कोपऱ्यात शिरली. जेमतेम.

"काका, चालेल ना एवढं? पाहुणे खाली आलेत."

चालेल, असं तोंडात आलं होतं. मी पाना उचलला.

अनिताचा चेहरा उतरला. "झाकण मीच बसवलं होतं, काका."

"असू दे," मी म्हणालो. "मी तपासलं नव्हतं."