फुटलेला साक्षीदार

विलासदादा गेल्याचं मला जुन्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. सकाळचं लेक्चर संपवून फोन उघडला, तर जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि वर कुठेतरी त्यांचं नाव होतं. माझ्या पीएच.डी.च्या सरांनी लिहिलं होतं, ‘विभागाचा आधारस्तंभ हरपला.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा आधारस्तंभ नोकरीची शेवटची वर्षं भांडारातल्या धुळीत बसून होता, आणि त्याला तिथे पाठवणारे सरच होते. मी मात्र ग्रुपवर काहीच लिहिलं नाही. नुसते हातही जोडले नाहीत... तेवढाही हक्क मला उरला नव्हता.

विलास जाधव परळच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होते. मी ठाकूरद्वारहून तिथे संशोधनाला गेले तेव्हा मला चित्रक या औषधी झाडाचं मूळ पुस्तकात ओळखता यायचं, बाजारातून आणलेल्या पुडीत नाही. त्या मुळाच्या अर्कात कोणती द्रव्यं आहेत आणि त्यांनी जंतू मरतात का, हा माझा विषय. पहिल्याच दिवशी मी मुळं उघड्या हातांनी निवडायला घेतली, तर दादा लांबूनच ओरडले, “ओ ताई, ठेवा ते खाली! फोड येतील!” मी ते वाचलेलं होतं, त्यांना ते फोड येऊन माहीत होतं. पुढचं सगळं त्यांनीच शिकवलं. मुळं सावलीत वाळवायची, भरड दळायची, मिथेनॉलमध्ये भिजत घालायची, गाळून अर्क आटवायचा. अर्कातली द्रव्यं वेगळी करणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवरचा पिवळा ठिपका अल्कली लागताच जांभळट लाल झाला की स्वतःचा निकाल लागल्यासारखे खूश व्हायचे. “आलं बघा, मेन द्रव्य आलं.” सर हे सगळं आठवड्यातून एकदा, दारात उभं राहून बघायचे.

अर्काची खरी परीक्षा जंतू वाढवलेल्या काचेच्या प्लेटवर. कागदाच्या छोट्या चकत्या अर्कात भिजवून, पूर्ण वाळवून प्लेटवर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसलं, म्हणजे तिथले जंतू मेले. शेजारी एक वेगळी प्लेट, तिच्यात नुसत्या मिथेनॉलची चकती. तिच्याभोवती काहीही दिसता कामा नये. आम्ही त्या प्लेटला कंट्रोल म्हणायचो. दादा भोईवाड्यात कोर्टाच्या जवळच्या चाळीत वाढलेले, ते तिला साक्षीदार म्हणायचे. तिच्यासाठी तळ आणि झाकण अशी काचेची एक जोडी त्यांनी बाजूला काढून ठेवली होती आणि झाकणावर काच कोरायच्या पेन्सिलीनं ‘सा’ कोरला होता. “हा फुटला ना ताई, तर आपली केस गेली समजा,” असं म्हणून स्वतःच हसायचे.

एका परिषदेला शोधनिबंध पाठवायची घाई होती. त्या दिवशी चकत्या मीच वाळवत होते. दादांनी विचारलं, “वाळल्या का नीट?” मी म्हटलं, “हो हो.” वाळल्या नव्हत्या. चांगला वास येत होता मिथेनॉलचा, पण मला घरी जायचं होतं. दुसऱ्या दिवशी अर्काची वर्तुळं अशी टपोरी आली की मी नाचायचीच बाकी होते. दादांनी ‘सा’ची प्लेट माझ्यासमोर ठेवली. तिच्यातही वर्तुळ होतं. “साक्षीदार फुटला, ताई. नुसत्या मिथेनॉलनंच मेलेत हे. परत लावू.” त्यांनी रजिस्टरमध्ये तसं लिहूनही ठेवलं. सर म्हणाले, “वेळ नाहीये. त्या प्लेटचा फोटो लावू नकोस.” मी नाही लावला. निबंध तसाच गेला आणि छापूनही आला.

वर्षभरानं दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तोच प्रयोग केला. त्यांना आमच्याएवढी वर्तुळं येईनात. तक्रार झाली, कॉलेजात चौकशी बसली. सरांनी सांगून टाकलं की चकत्या वाळवणं हे सहायकाचं काम, त्यानं हलगर्जीपणा केला. समितीनं दादांना विचारलं, चकत्या कुणी वाळवल्या? ते माझ्याकडे बघत म्हणाले, “ताईंना विचारा.” मला विचारलं गेलं. मी म्हणाले, “नक्की आठवत नाही.”... धड खोटं बोलायलाही धीर लागतो, माझ्यात तेवढाही नव्हता. रजिस्टर कुणी मागितलंच नाही. दादांना मेमो मिळाला आणि भांडारात बदली झाली. निबंध गुपचूप मागे घेतला गेला. मी प्रयोग पुन्हा केला, या वेळी चकत्या नीट वाळवून. वर्तुळ आलं. लहान, पण खरं. मुळात दम होता हो! आम्ही एक दिवस थांबलो असतो तरी भागलं असतं. हे दादांना सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज जिना उतरल्यावर मी भांडाराऐवजी कँटीनकडे वळायचे. पुढे पदवी मिळाली, दादरच्या कॉलेजात नोकरी लागली आणि वळायचंही कारण उरलं नाही.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी भोईवाड्यात त्यांच्या घरी गेले. वहिनींनी दारातच ओळखलं. “चित्रकवाल्या ताई ना तुम्ही? या, बसा. चहा ठेवते.” खोलीत बुद्धमूर्तीशेजारी दादांचा फोटो होता. कोपऱ्यात माठ, माठाशेजारी त्यांचा पाण्याचा पेला अजून जागेवर, आणि पेल्यावर काचेचं एक जुनं झाकण. त्यावर कोरलेलं... ‘सा’.

माझी नजर तिथेच अडकलेली बघून वहिनी म्हणाल्या, “जोडीतली खालची फुटली म्हणून कॉलेजात टाकून देणार होते. हे घेऊन आले उचलून. पेल्यावर हेच लागायचं त्यांना. ‘सा’ म्हणजे काय हो ताई? कितीदा विचारलं, सांगायचेच नाहीत. म्हणायचे, ताई आल्या की त्यांना विचार.”

या वेळी मला सगळं आठवलं. ओल्या चकत्या, माझं ते “हो हो”, न लावलेला फोटो, समितीपुढची माझी खाली घातलेली मान. सगळं सांगितलं, काही मागे ठेवलं नाही. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्या उठल्या, झाकण पदरानं पुसून पुन्हा पेल्यावर ठेवलं, आणि माझ्यासाठी ठेवलेल्या चहाखालचा गॅस बंद केला. कप काढलाच नाही.