पिस्ता रंगाची भिंत

बायको, पंचफुला, गेली तेव्हा देवमन खंडारे रडला नाही. चैत्रात चार दिवस ताप आला आणि पाचव्या दिवशी ती नव्हती. वस्तीतले लोक म्हणाले, माणसाचा दगड झाला. दगड निदान उन्हानं तापतो. देवमनला तेही जाणवत नव्हतं. आठवडा उलटला तसा तो अमरावतीला जवाहर गेटजवळच्या गोवर्धनशेठच्या फर्निचरच्या दुकानात कामावर हजर झाला. पॉलिशचं फडकं हातात घेतलं आणि काल सोडलेलं काम असावं तसं कपाटाचं दार घासायला लागला.

या दुकानात त्याची अठरा वर्षं गेली होती. शेठ नुसतं फर्निचर विकत नसे, गिऱ्हाइकाची बैठकही रंगवून देई, आणि रंग जुळवावा तर देवमननंच, असं कॅम्पातले वकील-डॉक्टर म्हणत. पडद्याचा तुकडा द्यावा, तिसऱ्या दिवशी भिंत त्याच रंगाची.

हे काम देवमनचं नव्हतं. फिकट हिरवा आणि फिकट मातकट यांतला फरक त्याला जन्मापासून दिसत नव्हता. तो नमुन्याचा तुकडा घरी नेई. पंचफुला उंबऱ्यात बसून करवंट्यांमध्ये पिवडी, नीळ, काव, खडू मिसळी, छपराच्या फुटक्या कवेलूवर बोट ओढून वाळत ठेवी. वाळल्यावर ते कवेलू उन्हात बघे, मग घरात नेऊन कंदिलाशी धरी. "ज्याच्या घरी लावाचा हाये त्याच्या घरी उजेड कसा हाये?" असं विचारी आणि चिमूटभर काहीतरी आणखी टाके. देवमन मापं पाठ करी आणि दुकानात जाऊन तेच बालडीभर कालवी. या गोष्टीची तिसऱ्या माणसाला खबर नव्हती. नागपूरला दीक्षेच्या दिवशी दोघं पांढऱ्या कपड्यांत गर्दीत उभे होते, तेवढा एकच दिवस त्याला रंगाची भीती वाटली नव्हती.

ती गेल्यावर पावसाळाभर त्यानं नुसतं पॉलिश केलं. ओल हाये, भिंती सुकत नाहीत, असं सांगून रंगाचं काम पुढं ढकललं. मग बासष्ट सालचा जानेवारी उजाडला आणि अकोल्याला प्रदर्शन भरायचं ठरलं.

शेठनं तिथं गाळा घेतला. गाळ्यात आख्खी बैठक उभी करायची होती. तिचं चित्र काढलं रविकांतनं. हा मुंबईहून सजावट शिकून आलेला, शेठच्या वकिलांचा मुलगा. त्याच्या चित्रातलं सामान पाहून सूर्यभान सुतारानं कपाळावर हात मारला.

"साहेब, या खुर्चीले पाय हायेत का बगळ्याच्या तंगड्या?"

"निमुळते पायच चालतात आता, सूर्यभानजी. शिसवी कोरीव काम गेलं. टेबलावर प्लास्टिकचा गुळगुळीत पत्रा. दिवा दिसायचा नाही, फक्त उजेड दिसायचा. ट्यूबलाइट फळीमागं लपवायची."

"उजेडाले दिवा लपवाची काय लाज हो?" सूर्यभान म्हणाला. "आन तिन्ही भिंती तीन रंगाच्या?"

"दोन पांढऱ्या, एक पिस्ता. देवमनभाऊ, पिस्ता जमेल ना?"

"जमते," देवमन म्हणाला.

शेठ गल्ल्यावरून ओरडला, "जमते म्हंजे? जमलंच पाह्यजे! विदर्भातले सारे दुकानदार येनार हायेत. ही भिंत बिघडली तर देवमन, मी नागपूरचा रंगारी ठेवतो. नऊ महिने झाले तू रंगाले हात लावून नाही राहिला. मले समजत नाही का?"

देवमनला ते ऐकू आलं. भीती वाटायला हवी होती, एवढं त्याला कळलं. हे काम सुटलं तर पन्नाशीत दुसरीकडं कोण उभं करणार, हेही कळलं. पण ते दुसऱ्या कोणाबद्दल असावं तसं कळलं.

दोन वर्षांमागं परतवाड्याच्या एका डॉक्टरांच्या घरी, साध्या बल्बच्या उजेडात, पिस्ता लावला होता. त्याची मापं पाठ होती. बडनेऱ्याहून पॅसेंजरनं अकोल्याला जाऊन त्यानं हार्डबोर्डच्या भिंतीमागं एकट्यानं ती कालवली. कवेलूवर बोट ओढलं, बाहेर उन्हात धरलं, वाळलेलं पाहिलं. त्याला काहीच दिसलं नाही. कोणाला दाखवावं तर अठरा वर्षांचं बिंग फुटेल. मापं पाठ होती. तिचं बघणं कुठून पाठ करणार? त्यानं भिंतीवर रंगाचे दोन हात मारले.

प्रदर्शन उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी वायरमननं वीज जोडली. फळीमागच्या ट्यूबा दोनदा लुकलुकल्या आणि पेटल्या. देवमन भिंतीकडं बघत नव्हता. तो माणसांच्या तोंडाकडं बघत होता. रविकांतचं तोंड आधी उतरलं.

"अबे, हा काय रंग हाये?" शेठ म्हणाला. "मेलेल्या मान्साच्या अंगासारखा!"

सूर्यभान थट्टा करायला म्हणून पुढं झाला, "पिस्ता हाये शेठजी, सालीसकट वाटला." कोणी हसलं नाही.

रविकांत जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "देवमनभाऊ, खरं सांगा. तुम्हाला हा रंग कसा दिसतो?"

"मले नाही दिसत," देवमन म्हणाला. "मले कधीच नाही दिसला."

"मंग अठरा वर्सं कोनं केलं?" शेठनं विचारलं.

"बायकोनं."

शेठनं टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. पंचफुलाला त्यानं एकदाच पाहिलं होतं, दुकानाच्या पायरीवर, डबा घेऊन आलेली. तो काहीतरी बोलणार होता, पण रविकांतच मध्ये बोलला. त्यानं मुंबईहून येताना नव्या प्लास्टिक रंगाचे डबे नमुन्याला आणले होते. घोटीव, तयार. सोबत रंगांच्या छोट्या चौकोनांची घडीची पट्टी, प्रत्येक चौकोनाखाली आकडा.

"ट्यूबखालीसुद्धा असाच दिसतो, मी पाहिलंय," तो म्हणाला. "मिसळायचं काहीच नाही. झाकण उघडायचं आणि लावायचं."

शेठनं पट्टी उलटसुलट केली आणि विचारात पडला.

"म्हंजे आता डोळे लागतच नाहीत?" मग देवमनकडं वळून म्हणाला, "आकडा वाचता येते ना तुले?"

"येते."

"मंग काहून उभा हायेस बाप्पा? पूस ते. तुझा हात चांगला हाये, हातानं कर. नागपूरवाल्याची काय गरज पडली मले आता."

काम टिकलं होतं. इतक्या सोप्या रीतीनं टिकलं. देवमननं बालडीत पाणी आणलं आणि ओल्या फडक्यानं भिंत पुसायला घेतली. डिस्टेंपर भराभर सुटत होतं. पंचफुलाची मापं ओघळून खाली येत होती. बालडीतलं पाणी कोणत्या रंगाचं झालं, ते त्याला कळलं नाही.

भिंत सुकली, तसा त्यानं एकशे बारा आकड्याचा डबा उघडला. एकदाच ढवळला. सरळ, न थबकता ब्रश चालवला. अठरा वर्षांत इतकं बिनघोर काम त्यानं केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाळ्यापुढं गर्दी झाली. बगळ्याच्या पायांच्या खुर्च्यांवर बायका बसून पाहत होत्या. नांदगाव खंडेश्वरच्या एक शिक्षिकाबाई, जाड चष्म्याच्या, भिंतीपुढून हलेनात.

"किती गोड रंग आहे!" त्या देवमनला म्हणाल्या. "तुम्हीच मिसळला का, दादा? कसा मिसळला?"

देवमननं तोंड उघडलं. पंचफुलाचं नाव जिभेवर यावं म्हणून तो थांबला. बाई वाट पाहत होत्या.

"एकशे बारा," तो म्हणाला.

बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली आणि लिहून घेतलं.