अम्मीच्या टाळ्या

सलीमभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं, शबानानं केला तेव्हा मी भोकरदनच्या एसटी स्टँडवर होतो. जालन्यात माझं कथाकथन होतं. मातीला थांबायला हवं होतं... मी गाडीत चढलो.

सलीमभाई दुकानांच्या पाट्या रंगवायचे. नवी गोष्ट लिहिली की मी आधी त्यांना वाचून दाखवायचो. ते ब्रश चालू ठेवून ऐकत. ब्रश थांबला की समजायचं, गोष्टीनं धरलं. "सर, लई समजावून राह्यले तुम्ही. माणूस पाटी चालता चालता वाचतो," असं सुनावायचे. मी मुकाट्यानं ती वाक्यं काढायचो. एकदा त्यांनीच आईची आठवण सांगितली. शाळेत लहानग्या सलीमनं मराठीत भाषण केलं. अम्मीला मराठी येत नव्हती. भाषण संपलं कुठं ते न कळून ती मधेच टाळ्या वाजवत होती, सगळे वळून बघत होते. घरी जाताना म्हणाली, "मेरेकू समझ्या कुछ नै बेटा. पन तू बोलरा था तो सब चुप थे."

ती गोष्ट मी मंचावर नेली. बुरखा, बोली, अवेळी टाळ्या, सगळं वाढवून. शेवटचं वाक्य गाळलं, त्यानं हशा थांबायचा. जालन्यात पहिल्यांदा सांगितली तेव्हा लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. सलीमभाई तिसऱ्या रांगेत होते, मीच बोलावलेले. नंतर म्हणाले, "आवाज बराबर पोचला सर, मागपर्यंत." मग थांबून, "फक्त अम्मी घरी जाताना बोलली ते राहून गेलं." "पुढच्या वेळी घेतो," मी म्हणालो. घेतलं नाही. हशा सोडवेना. ते गेले त्या संध्याकाळीही मी हीच गोष्ट सांगितली. दुकानात जाणं तर केव्हाच थांबवलं होतं. वेळ नाही म्हणायचो, खरं तर त्यांच्यासमोर वाचायची हिंमत उरली नव्हती...

गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो. भाभींनी चहा दिला, शबानाला बोलावून जवळ बसवलं. "सर, अम्मीची गोष्ट सांगा ना. हे म्हणायचे, सर आपल्या अम्मीला गावोगाव घेऊन फिरून राह्यले. आम्ही कधी ऐकलीच न्हाई." मी सुरुवात केली. टाळ्यांपाशी आलो, काही न वाढवता सांगितलं. कसाबसा अम्मीच्या त्या वाक्यापर्यंत पोचलो. खोलीत कुणी हललं नाही. भाभींनी डोळे पुसले.

"अस्सीच सांगता ना सगळीकडं?"

मी "हो" म्हणालो.