नमस्कार आधी कुणी करायचा

कृष्णवेणीबाईंची समुपदेशनाची खोली म्हैसूरच्या सरस्वतीपुरमला, कॉफी दळणाऱ्या दुकानाच्या वर आहे. बावीस वर्षं त्या इथे बसून लोकांचं ऐकतात. ऐकणं हा व्यवसाय असू शकतो, हे नातेवाइकांना अजून पटलेलं नाही. "ऐकायला आमच्याकडे सून आहे," असं नात्यातल्या भवानीबाई म्हणतात.

सहा गुरुवार बाईंचे लांबच्या नात्यातले मामा, रणोजीराव, दुपारी चारला येत होते. वय बहात्तर, रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त. पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. त्यांच्याकडून ताठ बसण्याची सवय तेवढी वारशाने आली. मुलगा दोन वर्षांपूर्वी अपघातात गेला, तेव्हापासून झोप नाही. सहा गुरुवारांत ते रक्तदाब, महापालिका आणि नळाचं पाणी यांवर बोलले. मुलाचं नाव एकदाही निघालं नाही. बाईंनी घाई केली नाही. घाई न करणंच त्या शिकल्या होत्या. त्याने माणूस किती थकतो, हे अभ्यासक्रमात नव्हतं.

पहिल्या दिवशी त्या सगळ्यांना सांगतात तेच त्यांनाही सांगितलं होतं. इथलं बाहेर जाणार नाही. बाहेर भेटलो तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन.

"बरं, मॅडम." बाहेर ते त्यांना वेणीच म्हणत, मॅडम या खोलीपुरतं.

मग नात्यातले सगळ्यांत वडीलधारे, अंबाजीराव, यांच्या नातीचं लग्न आलं. पंगतीच्या दाराशी दोघं समोरासमोर आली. बाई नियमाप्रमाणे थांबल्या. पण आमच्या इथल्या मराठ्यांत वडीलधारा आधी ओळख दाखवत नसतो. लहानाने वाकायचं असतं. दोघं आपापला नियम पाळून पुढे गेली. हे तीनशे माणसांनी पाहिलं.

रविवारी भवानीबाईंकडे समेट ठरला. अंबाजीराव मुख्य. उप्पीट आलं, कॉफी आली.

"अगे वेणी, मामांना नमस्कार नाही? दोन घरांत भांडण काय आहे?" अंबाजीरावांनी विचारलं.

"भांडण नाही, काका."

"मग? फार शिकली म्हणून?" भवानीबाई म्हणाल्या.

उत्तर एका वाक्याचं होतं, आणि ते वाक्य बाईंच्या मालकीचं नव्हतं. रणोजीराव कॉफीच्या लोट्यात बघत होते. कान लाल झाले होते. ते वाक्य बाहेर पडलं असतं तर संध्याकाळपर्यंत 'रणोजीचं डोकं फिरलं' हे घरोघरी गेलं असतं, आणि ते तो जिना पुन्हा चढले नसते.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या, आणि दुखऱ्या गुडघ्यासकट वाकल्या.

"साकु, साकु, पुरे आता. झालं ना?" अंबाजीरावांनी समेट पुरा केला. भवानीबाईंनी सगळ्यांना आणखी उप्पीट वाढलं. शिकलेली बाई वाकल्यावर त्याला चव आली असावी.

गुरुवारी चार वाजले, सव्वाचार झाले. खाली कॉफी दळली जात होती. बाई समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. चार वीसला जिन्यावर पावलं वाजली.

रणोजीराव बसले, या वेळी पाठ टेकून.

"चूक तुझी नव्हती, वेणी."

बाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"मालोजीचीही नव्हती. माझ्याशी भांडून गाडी घेऊन गेला तो. मी म्हटलं होतं, पुन्हा तोंड दाखवू नको." त्यांनी डोळे मिटले. "चुकलं म्हणायला दोन वर्षं माझं तोंड उघडेना. तू कसं म्हणालीस?"

"थकले होते, मामा."

ते हसल्यासारखे झाले आणि मग रडू लागले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. पावणेपाचला त्यांची वेळ संपत होती. बाईंनी घड्याळाकडे पाठ केली.